तेराशे सत्तावीसची बाकी

४ फेब्रुवारी

ही डायरी वहिनीने पाठवली. तिच्या ऑफिसात ढिगाने येतात. सोबत चिठ्ठी : "मनातलं लिहीत जा, हलकं वाटतं." मनातलं म्हणजे नक्की काय लिहायचं, ते काही तिने लिहिलेलं नाही. सध्या माझ्या मनात एक जळकं पातेलं आहे.

सकाळी दूध गॅसवर ठेवलं न ठेवलं तोच ती कोटाची चेन बदलायला आलेली बाई दारात. समोरच्या खोलीत माझं शिलाईचं काम चालतं. नवे कपडे नाही, फक्त दुरुस्ती. लोक जाड होतात, बारीक होतात आणि माझ्याकडे येतात. तर ही बाई चेनसाठी आली आणि सुनेची कुंडली मांडून बसली. तिला वाटेला लावेपर्यंत घरभर जळका वास. धावत आत गेले, तर पातेल्याचा कोळसा झालेला आणि बाबा गॅस बंद करून तिथेच उभे.

"माझ्याकडून राहिलं गं," म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. "गॅसपाशी गेलात तर तिथून हलू नये माणसाने! घर पेटलं असतं म्हणजे?" नाही नाही ते बोलले. बाबांनी गुपचूप तारेचा चोथा घेतला आणि पातेलं घासायला लागले. ऐंशी उलटलेला माणूस. मला वाईट वाटलं, पण तोंडातून माघार निघेना. दादाचा फोन आला तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. आता वाटतं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

आमचा आकडा इथे लिहून ठेवते : ४७३८७१७. सत्तेचाळीस लाख अडतीस हजार सातशे सतरा.

बाबा जन्मभर तक्त्यांच्या ऑफिसात होते. बंदरासाठी भरती-ओहोटीचे तक्ते तयार करायचे, सगळे हाताने. दोघा-दोघांची जोडी. एकाने गणित करून मोठ्याने सांगायचं, समोरच्याने ताळा घ्यायचा आणि "जुळला" म्हणायचं. नाही जुळला, तर "चूक" हा शब्द उच्चारायचा नाही. साहेबाच्या कानावर गेला तर गणित करणाऱ्याच्या नावावर लागायचा. म्हणून टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवायची, टकटक. पहिला मुकाट्याने पुन्हा गणित करायचा. साहेबाला वाटायचं, ऑफिसात एकही चूक होत नाही.

मग एक दिवस गणिताचं यंत्र आलं आणि सगळ्या जोड्या घरी बसल्या. यंत्रावर पितळी पट्टी होती, तिच्यावर हा नंबर. बाबांचे जोडीदार म्हणाले होते म्हणे, "आपल्याला घरी बसवणारा कोण आहे ते तरी बघू. फुटतो का ते पाहू." फुटतो म्हणजे, दुसऱ्या कुठल्या आकड्याने त्याला पुरता भाग जातो का. नाही गेला, तर तो अविभाज्य.

मी मागच्या वर्षी या घरात परत आले, लग्न गुंडाळून. बाबा एकटेच खिडकीशी बसलेले असायचे. मला तर कोणाशी एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. एके दिवशी दुपारच्या चहानंतर त्यांनी माझी शाळेतली पाटी काढली, पुढे केली आणि म्हणाले, "ठके, मला नीट दिसत नाही. तू भाग दे, मी ताळा घेतो." म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा हवा, म्हणून मी बसले. तिथपासून रोज एक अविभाज्य घ्यायचा आणि त्याने आकड्याला भागायचं. दिवसाला एकच. मी एकदा म्हटलं, यंत्रावर एका मिनिटात होईल. तर म्हणाले, "त्याच यंत्राने मला घरी बसवलं. त्याचं गुपित त्यालाच विचारू?"

आज तेराशे तीन. भागाकार तीन हजार सहाशे छत्तीस, बाकी एक हजार नऊ. ताळा जुळला.

७ फेब्रुवारी

तेराशे एकोणीस. भागाकार ३५९२, बाकी ८६९. जुळला. (काल तेराशे सात झाला, लिहायचा राहिला.)

ताळा कसा घेतात ते लिहून ठेवते, नाहीतर एक दिवस मीच विसरायची. अंकांची बेरीज करत जायची, एकच अंक उरेपर्यंत. आमच्या आकड्याच्या अंकांची बेरीज सदतीस, सदतीसचे दहा, दहाचा एक. म्हणजे आपल्याला एक यायला हवा. आता तेराशे एकोणीसचे चौदा, चौदाचे पाच. ३५९२ चे एकोणीस, त्याचे दहा, त्याचा एक. पाच एके पाच. बाकीचे तेवीस, म्हणजे पाच. पाच आणि पाच दहा, म्हणजे एक. जुळला. बाबा हे सगळं डोळे मिटून, पेन्सिल बोटांत फिरवत, मी श्वास घेते तेवढ्या वेळात करतात. दूध विसरतात, हे विसरत नाहीत. नवलच आहे.

८ फेब्रुवारी

रविवार. एकही गिऱ्हाईक नाही, मशीनवर झाकण.

दादाचा फोन. पातेल्याचं प्रकरण त्याने वहिनीला सांगितलं, वहिनीने तिच्या मैत्रिणीला, आणि मैत्रिणीच्या सासऱ्यांना म्हणे असंच सुरू झालं होतं. "डॉक्टरला दाखव," दादा म्हणाला. "नाहीतर मी त्यांना इकडे घेऊन येतो. इथे चोवीस तास माणूस आहे. तू एकटी काय काय बघशील?" मग सहज विचारलं, "बाबा दिवसभर करतात काय?" मी आकड्याचं सांगितलं. तर हसायला लागला. "अजून तोच? तो तर फुटला होता ना? मी लहानपणी त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, तर पट्टीखाली खडूने दोन आकडे लिहिले होते, मधे गुणाकाराची फुली."

दादाला स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ नाही. निघाला मला खडूचे आकडे सांगायला.

दुपारी बाबा रंगात होते. रविवारी भागाकार नाही, नुसत्या गप्पा. "आकड्याला आधी ओळखायचं, मग अंगाला हात लावायचा," म्हणाले. आमचा आकडा विषम. तीन आणि नऊ बाद. शेवटी सात, म्हणून पाच बाद. अकराही बाद. कोणाचा वर्ग नाही. एकवीसशे शहात्तर आणि एकवीसशे सत्याहत्तर यांच्या वर्गांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. म्हणून भागायचं तेही एकवीसशे शहात्तरपर्यंतच, पुढे जायची गरज नाही. मग म्हणाले, "चारने भागलं तर एक उरतो. असा आकडा अविभाज्य असेल ना, तर तो कोणत्यातरी दोन वर्गांची बेरीज असतोच असतो. सुटका नाही."

"मग हा आहे का दोन वर्गांची बेरीज?" मी विचारलं.

"चहा निवतोय तुझा," म्हणाले.

९ फेब्रुवारी

तेराशे एकवीस. भागाकार ३५८७, बाकी २९०. जुळला.

पाटी पुसताना मी म्हटलं, "उद्या तेराशे सत्तावीस." बाबा म्हणाले, "उद्या सुट्टी घेऊ." मी बघतच राहिले. ताप असताना अंगावर पांघरूण घेऊन ताळा घेतलेला माणूस.

१२ फेब्रुवारी

परवा बाबांचं डोकं दुखत होतं. काल मान. आज म्हणाले, "तुला त्या शाळेच्या गणवेशांचं काम आहे ना? ते उरकून घे." काम आहे, पण कुठे पळून जातंय? त्यांना पाटी नकोशी झाली आहे का? मैत्रिणीच्या सासऱ्यांचं म्हणे असंच झालं होतं, आवडीच्या गोष्टीतून आधी मन उडालं.

या तीन दिवसांत आम्ही किती कमी बोललो, ते लक्षात आलं. "जेवायला चला." "मीठ दे." "दार लावलंस का?" संपलं. पाटी नसली की आमच्याकडे बोलायला काही उरतच नाही. मी समोरच्या खोलीत जाते, दार लोटते आणि मशीन चालवते. तिथे कोणी काही विचारत नाही.

१३ फेब्रुवारी

आज मीच पाटी घेऊन बसले. "कंटाळा पुरे झाला," म्हटलं. बाबा "बरं" म्हणाले आणि पेन्सिल घेतली.

तेराशे सत्तावीस. तीन वेळा गेला, पाच वेळा गेला, सात वेळा गेला. शेवटी पाटीवर तेराशे सत्तावीसच उरले. तेराशे सत्तावीसमधून तेराशे सत्तावीस गेले. खाली शून्य.

आकडा फुटला. १३२७ गुणिले ३५७१. संपलं. उद्यापासून चहानंतर काय? बाबा खिडकीत, मी मशीनवर. मला रडूच कोसळेल असं वाटलं. बाबांना पाटी दिसत नाही. ते डोळे मिटून थांबले होते.

"भागाकार तीन हजार पाचशे एक्काहत्तर," मी म्हटलं. "बाकी एक."

का म्हटलं देव जाणे. तोंडातून निघून गेलं. आणि लगेच जीभ चावली, कारण ताळा! चार आणि सात, चार सत्ते अठ्ठावीस, त्याचा एक, वर बाकीचा एक, झाले दोन. जुळत नाही. निदान बाकी नऊ म्हणायला हवं होतं, नऊने ताळ्यात फरक पडत नाही. धड खोटंसुद्धा बोलता येत नाही मला. आता टकटक होणार, मग पुन्हा भाग द्यायचा, मग शून्य सांगायचं.

बाबांची पेन्सिल उचललेली, टेबलापासून बोटभर वर. तशीच थांबली. मग त्यांनी ती हळूच आडवी ठेवली.

"जुळला," म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. आणि पाटी पुसता पुसता त्याच भांड्यातून पुन्हा बाहेर आला. जुळला? बाबांच्या तोंडून? एक आणि दोन यांतला फरक कळला नाही त्यांना?

जेवताना दोन घास जास्तच जेवले. भांडी आवरताना चक्क गुणगुणत होते. मला एक घास गिळवत नव्हता.

१४ फेब्रुवारी

तेराशे सत्तावीसनंतरचा अविभाज्य थेट तेराशे एकसष्ट. एवढी मोठी फट याआधी कुठेच आली नव्हती. बाबा म्हणाले, "मधले तेहतीसच्या तेहतीस फुटणारे. ओसाड रस्ता. जोडीदार म्हणायचे, इथे पाण्याचा तांब्या घेऊन निघावं." मी हसले नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे दिसतं तेवढं.

१३६१ : भागाकार ३४८१, बाकी १०७६. जुळला. यावेळी खरंच जुळला, मी स्वतः दोनदा पाहिलं. पण त्यांचं "जुळला" आता कानाला पोकळ लागतं. ते सवयीने म्हणताहेत. आकडे आत जातच नसणार.

सुट्टीचं सोंग, डोकेदुखी, पातेलं, आणि आता हे. दादाला फोन केला. डॉक्टरची वेळ घेतली. तोवर पाटी बंद.

१८ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला मऊ. बाबांना तारीख विचारली, बरोबर. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ठेवले. मग म्हणाले, "आजोबा, शंभरातून सात वजा करत चला." बाबा सुटले : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. डॉक्टर "पुरे" म्हणाले तरी थांबेनात. नऊ, दोन, उणे पाच, उणे बारा. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "शून्याखाली उतरलेला माझा पहिलाच पेशंट."

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, हे फसताहेत, खरं यांना कळायला हवं. म्हटलं, "डॉक्टर, हे पाठ आहे त्यांना. पण परवा माझ्याकडून चुकीची बाकी सांगितली गेली, आणि यांनी ताळा जुळला म्हणून सांगितलं. असं आयुष्यात कधी झालेलं नाही."

"चुकीची म्हणजे? तुम्ही मुद्दाम सांगितलीत?"

"नाही, चुकून," मी म्हटलं. कानशिलं तापली माझी.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आजोबा, आठवतं का? तेव्हा लक्षात नाही आलं?"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "हो. चुकलं असेल. वय झालं आता."

"आणि दुधाचं पातेलं?"

"तेही मीच."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. म्हणाले, सध्या काळजीचं फार नाही, पण एकटं ठेवू नका, गॅसपाशी जाऊ देऊ नका, घरात सतत कोणीतरी हवं. मी दिवसभर मशीनवर. बाहेर येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी येतो.

घरी येताना बाबांनी माझा दंड धरला होता. पायऱ्या आल्या की घट्ट, एरवी सैल.

२२ फेब्रुवारी

दादा आला आणि घेऊन गेला.

बाबांनी भांडायला हवं होतं. माझं घर, मी कुठेही जाणार नाही, असं काहीतरी. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "ठकी एकटी किती पुरी पडणार? चला." बॅगेत स्वेटर, चष्मा, गोळ्या. पाटी मी भरायला गेले तर म्हणाले, "ती राहू दे इथेच. भाग तूच देणार आहेस ना? रोज फोनवर सांग. पेन्सिल तेवढी मी नेतो."

गाडी वळेपर्यंत उभी होते. शेजारच्यांनी विचारलं, "बाबा गावाला?" मी म्हटलं, "हो, हवापालट."

२४ फेब्रुवारी

गणवेश संपले. कात्रीला धार लावली. रिळं रंगांप्रमाणे लावली. दुपारी सवयीने दोन कप चहा केला. एक ओतून दिला, मग वाटलं, प्यायला हवा होता.

घरात कोणी नसताना मशीनचा आवाज किती मोठा होतो!

फोन करायचं धाडस झालं नाही. दादाचाच आला. बाबा ठीक आहेत, बाल्कनीत बसतात, बोलत नाहीत. "तुझ्याकडे बोलायचे का?" त्याने विचारलं. आमच्याकडे रोज भागाकार तर बोलायचे. त्याला काय सांगणार?

२६ फेब्रुवारी

तुकड्यांच्या टोपलीशी बसून चिंध्या निवडल्यासारखे दोन वर्ग शोधत बसले, ज्यांची बेरीज आमचा आकडा होईल. सापडत नाहीत. सापडायलाच हवेत असंही नाही. तो फुटलेला आहे आणि ते फक्त मला माहीत आहे. त्याला पुरता भाग जाणारे त्याच्याहून लहान आकडे तीनच : एक, तेराशे सत्तावीस आणि तीन हजार पाचशे एक्काहत्तर. तिघांची बेरीज पाच हजारसुद्धा होत नाही. ज्याच्या भाजकांची बेरीज त्याच्याहून कमी भरते त्याला बाबा उणा म्हणतात. "बहुतेक विषम आकडे उणेच असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही," असं वर समजावतात, जसं काही आकडा रडत बसला आहे.

२७ फेब्रुवारी

आज फोन केला. वहिनीने त्यांच्या कानाशी धरला. १३६७, भागाकार ३४६६, बाकी ६९५.

"जुळला," बाबा म्हणाले. आवाज एकदम टवटवीत. मग विचारलं, "जेवलीस?"

"हो."

"खोटं."

खरंच जेवले नव्हते. त्यांना तिकडे बसून कसं कळलं?

२८ फेब्रुवारी

सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि खाली कोणीतरी हाक मारली. पायरीवर गेले, बोलत उभी राहिले, आणि मग आठवलं. धावले. आज वेळेत पोहोचले. गॅस बंद करताना त्या दिवशीचं सगळं डोळ्यांपुढे आलं. ती चेनवाली बाई. मी ठेवलेलं दूध. मी! बाबा तेव्हा स्वयंपाकघरात नव्हतेच. ते वासाने उठून गॅस बंद करायला आले होते. आणि मी त्यांना घर पेटवायला निघालेला माणूस ठरवलं, आणि त्यांनी पातेलं घासलं.

दुपारी फोन केला तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. १३७३. "भागाकार तीन हजार चारशे एक्कावन्न, बाकी चारशे चौऱ्याऐंशी."

टकटक.

पलीकडून लाकडावर पेन्सिल वाजली. मी शब्द पुरा करते न करते तोच.

पाटीवर पाहिलं. चौऱ्याण्णव. चारशे चौऱ्याण्णव लिहिलं होतं आणि मी चौऱ्याऐंशी वाचलं होतं. दहाचा फरक, फोनवर, दादाच्या बाल्कनीत बसून, डोळे मिटून, एका क्षणात पकडला.

"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

"जुळला."

मी म्हटलं, "बाबा, तेराशे सत्तावीसला पेन्सिल का नाही वाजवलीत?"

पलीकडून आधी वहिनीला उद्देशून : "सूनबाई, जरा पाणी आणतेस?" तिची पावलं दूर गेली. मग मला म्हणाले, "वाजवली असती तर तुला शून्य सांगावं लागलं असतं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"अगं, यंत्र आलं त्याच वर्षी आम्ही तो फोडला होता. जोडीदारांनी पट्टीखाली खडूने लिहूनसुद्धा ठेवलं. साहेब चिडला होता."

म्हणजे दादाचा खडू खरा. म्हणजे ती डोकेदुखी, ती मान. "मग मला वर्षभर कशाला भागायला लावलंत?" मी ओरडलेच.

"तू आलीस तेव्हा बोलत नव्हतीस," बाबा म्हणाले. "दार लावून बसायचीस. मला दुसरं काय येतं? भागाकार केला की मोठ्याने सांगावा लागतो, एवढंच ठाऊक होतं. म्हटलं, मोठा आकडा आहे, पुरेल. तेराशे सत्तावीस जवळ आला तशी मला झोप लागेना. आणि तू म्हणालीस बाकी एक. मला इतका आनंद झाला गं, ठके."

मी पाटी छातीशी धरून बसून होते. खडूचे आकडे सगळे कपड्यांवर उमटले.

"आणि डॉक्टरकडे? तिथे का नाही सांगितलंत?"

"तिथे सांगायचं म्हणजे तुला खोटं पाडायचं. त्या पोराने लिहून घेतलं असतं."

२ मार्च

दादाला फोन. सगळं सांगितलं, एका दमात, थांबले असते तर जमलंच नसतं. पातेलं मी जाळलं. बाकी मी खोटी सांगितली. डॉक्टरला "चुकून" म्हणाले तेही खोटं. बाबांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

दादा भडकला. "तुम्हा दोघांना वेड लागलंय का? एका आकड्यापायी मी रजा टाकली, खोली रिकामी केली!" बोल बोल बोलला. मी ऐकून घेतलं, त्याचं बरोबरच होतं. शेवटी म्हणाला, "डॉक्टरकडे तूच जायचं आणि तूच सांगायचं." म्हटलं, जाते.

गेले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ते तुम्हाला सांभाळत होते?" मी हो म्हटलं. त्यांच्या खोलीत रडले, ते इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. त्यांनी आधीचं खोडलं नाही, खाली नवीन लिहिलं. म्हणाले, "तरी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. वय आहे."

६ मार्च

काल बाबांना घेऊन आले. गाडीत खिडकीशी बसवलं होतं. दिसत नसलं तरी त्यांना खिडकी लागते.

घरात पाऊल टाकताच म्हणाले, "जोडीदार येऊन गेले का?" जोडीदारांना जाऊन वर्षं झाली. मग स्वतःच म्हणाले, "छे, काय बोलतोय मी!" आणि हसले. प्रवासाचा शीण असेल. किंवा नसेलही. डॉक्टर म्हणाले ते विसरून चालणार नाही. एखाद्या दिवशी त्यांचा ताळा खरोखरच चुकेल. तेव्हा माझी पेन्सिल वर जाईल, आणि मी ती हळूच आडवी ठेवीन.

आज दुपारी चहा झाला. मी पाटी घेतली आणि विचारलं, "आता कोणता आकडा?"

"कोणता म्हणजे? आपलाच. शेवटचा अविभाज्य एकवीसशे एकसष्ट, तिथपर्यंत जायचं आहे अजून."

"बाबा, तो फुटला आहे."

"कोण म्हणतं?" बाबांनी पेन्सिल उचलली, डोळे मिटले. "तेराशे सत्तावीसला बाकी एक होती. तूच सांगितलीस. मी ताळा घेतलाय."

१३८१. भागाकार ३४३१, बाकी ५०६. जुळला.